बिनकाट्याचा हलवा

उज्जैन
९ सप्टेंबर २०२४

गौरी आत्या, नमस्कार.

पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरली असशील. घाबरू नको, घरात सगळे जिवंत आहेत. बाबा तर जरा जास्तच जिवंत आहेत. त्यांनी माझा फोन जप्त केला, म्हणून हे पत्र. तो पोस्टाचा लाल डबा अजून चालू आहे हे मला आजच कळलं. मला वाटायचं तो शोभेसाठी ठेवलाय.

फोन का गेला ते ऐक. मी काहीच केलं नाही, फक्त बाबांच्या फोनमध्ये दोन नावांची अदलाबदल केली. बँकेचे मॅनेजर साहेब झाले शैलेंद्र दूधवाला आणि शैलेंद्र झाला मॅनेजर साहेब. संध्याकाळी शैलेंद्रचा फोन आला. बाबा खुर्चीतून ताडकन उभे! "जी सर." तो म्हणाला, "भैंस बीमार है, कल दूध नहीं आएगा." बाबा म्हणाले, "जी सर, जैसा आप उचित समझें." आई पदर तोंडात कोंबून आत पळाली. इथपर्यंत ठीक होतं. पण सकाळी खऱ्या साहेबांचा फोन आला आणि बाबांनी दाढी करता करता चालू केलं, "कल भैंस बीमार, परसों पानी! शरम आती है कि नहीं? कल से आना ही मत!" तिकडून आवाज आला, "श्रीकांतजी, आपकी तबीयत तो ठीक है?"

आता फोन बी. कॉम. सेकंड इयरची सप्लिमेंटरी पास झाल्यावर मिळणार. म्हणजे पुढच्या जन्मी.

आईच्या फोनवरून तुझ्याशी बोललो असतो, पण तो फोन दिवसभर अक्काच्या मांडीवर असतो, ती भजनं ऐकते. आणि मला सांगायचंय ते अक्काबद्दलच, तुझ्या आईबद्दल. तिचं पोट बिलकुल ठीक नाही, आत्या. तुला फोनवर "बरी आहे गं" म्हणते ना, ते खोटं. नुसता मऊ भात आत गेला तरी छातीत जळजळ, मग अर्धी रात्र बसून. पाटल्या सरकून कोपरापर्यंत जातात. डॉक्टर म्हणाले की आत जखम आहे, औषध चालू ठेवा, कार्तिकापर्यंत फरक नाही पडला तर इंदूरला नेऊन पोटात नळी घालून बघू. अक्का म्हणाली, "नळी घालायच्या आधी मला शिप्रेत घाला." बाबांचा औषधावरचा भरोसाच उठला. देवास गेटला कोणी जडीबुटीवाला बसतो, त्याला विचारणार म्हणतात.

तूच सांग, तू औषधातली मोठी सायंटिस्ट आहेस ना? अक्का म्हणते, "कसली सायंटिस्ट, गोळ्यांना रंग लावते. घराजवळच्या कॉलेजातली चांगली नोकरी सोडून रंगारी झाली." मी नाही, ती म्हणते.

चल, सकाळ झाली की अक्काचा खल कुटायचा असतो, मग कॉलेजला जायचं नाटक. लवकर लिही.

तुझा
अपूर्व


हैदराबाद
१८ सप्टेंबर २०२४

प्रिय अपू,

तुझं पत्र कॅन्टीनमध्ये वाचलं आणि इतकी हसले की शेजारच्या टेबलावरच्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. दादाला हे सांगू नकोस. आमच्या लॅबमध्ये फोन न्यायचा नसतो, दारातच ठेवावा लागतो, त्यामुळे मीही दिवसभर तुझ्यासारखीच जप्त असते.

अक्काचं वाचून मात्र हसू गेलं. मला खरंच वाटत होतं की ती बरी आहे. तिच्या कॅप्सूलचं नाव मी डॉक्टरांकडून विचारून घेतलंय. आमच्या कंपनीची नाही, पण चांगली आहे, भल्याभल्यांची पोटं तिने शांत केली आहेत. इतके आठवडे घेऊन काहीच फरक नाही, हे मला पटत नाही. खरं सांगू? मला जरा भीतीच वाटली. मी अशीच एक कॅप्सूल करतेय, जानेवारीत ती बाजारात येईल. जगाला लागू पडणारं औषध माझ्याच आईला का लागू पडत नाही?

तेव्हा तू हेरगिरी कर. तुला तेच जमतं. एक, औषध कुठे ठेवतात ते बघ. गॅसच्या वरच्या फळीवर किंवा उन्हाच्या खिडकीत असलं तर ते उष्णतेने बिघडतं. दोन, ती लपूनछपून काय खाते? मला शेवेचा संशय आहे. तिला विचारू नकोस, विचारलं की ती "मला कळतं" म्हणते आणि विषय संपतो. नुसतं बघ.

आणि रंगारी हे अगदीच खोटं नाही. ते पुन्हा कधीतरी. आधी अक्का.

जडीबुटीवाल्यापासून दादाला लांब ठेव. हवं तर फोनमध्ये त्याचंही नाव बदलून टाक.

गौरी आत्या

ता. क. सुंठ कुटताना हात सांभाळ.


उज्जैन
२८ सप्टेंबर २०२४

आत्या,

हेरगिरीचा रिपोर्ट.

औषध देवघराच्या बाजूच्या कपाटात स्टीलच्या डब्यात असतं. थंड, कोरडं, अंधारं. माझी खोली तशी असती तर मी पास झालो असतो.

खाणं. सगळ्या डब्यांच्या झाकणांवर मी पीठ भुरभुरवून ठेवलं होतं, म्हणजे बोटं उमटतील. शेवेच्या डब्यावर बोटं उमटली, बाबांची. कचोरीच्या पुडीवर उमटली ती माझी, मी विसरलोच होतो. अक्काची कुठेच नाहीत. ती खरंच काही खात नाही गं. काल आईने भुट्ट्याचा कीस केला होता. अक्काला किती आवडतो तुला माहितीय. नुसता वास घेतला आणि ताटली माझ्याकडे सरकवली. मी दुसऱ्यांदा मागितला नाही, यावरून समज.

आणि औषधात तर ती कुठे कमी नाही. नेमाने घेते. स्तोत्र झालं की मला हाक, "अप्या, खल घे." मग ती कॅप्सूल उघडते, टोपण फेकते, आतले पांढरे दाणे तिच्या वडिलांच्या त्या काळ्या खलात, आणि मी कुटतो. तिला अगदी मैदा लागतो. एक दाणा बोटाला लागला तरी "अजून." मग ते मधात कालवून चाटते. मी मनापासून कुटतो, आत्या, चेष्टा नाही. माझा उजवा दंड डाव्यापेक्षा जाड झालाय. सुमीत म्हणतो जिम लावलीस का.

सुंठ कुठून आली तुझ्या डोक्यात?

मग आता चूक कुठे आहे ते तूच शोध.

अपूर्व


हैदराबाद
५ ऑक्टोबर २०२४

अपू,

काय कुटतोस तू?

तुझं पत्र वाचून मी उभीच राहिले. लगेच फोन केला, ते तुला कळलंच असेल, तू बाजूला होतास. अक्का काय म्हणाली ते पण ऐकलं असशील. "मी वैद्याची मुलगी आहे, खललं नाही ते औषध नाही, चणे आहेत. तू मला औषध शिकवू नकोस." आणि फोन भजनाला लावला. माझ्याच आईने माझ्यासमोर फोन भजनाला लावला!

आता नीट वाच. हे तुला कळलं पाहिजे, कारण तिला तूच समजावणार आहेस.

ते औषध पोटातल्या आंबटाने मरतं. म्हणून दाण्यावर एक कवच असतं. पोटात ते तसंच राहतं, पुढे आतड्यात गेलं की उघडतं आणि मग औषध रक्तात जाऊन आपलं काम करतं. तू रोज सकाळी दंड फुगवून ते कवच फोडतोस. मग ती जे मधाबरोबर चाटते ते पोटात गेल्या गेल्या मरतं. इतके दिवस अक्काने औषध घेतलेलंच नाही.

ते कवच करणं हेच माझं काम आहे, अपू. बारा वर्षं मी दुसरं काही केलेलं नाही. रंग लावते म्हणे!

कसं करतात सांगू? आपल्याकडे संक्रांतीचा हलवा करतात ना, अगदी तसंच. परातीत तीळ, त्यावर पाकाचे थेंब, हाताने फिरवत राहायचं, सुकलं की पुन्हा थेंब. आमची परात म्हणजे मोठं मशीन, खालून गरम वारा, बाजूने बारीक फवारा. थेंब जास्त झाला तर दाणे चिकटतात, कमी झाला तर कवच चिरतं.

आता अक्काला दाखव. तीन वाट्या घे. पहिलीत लिंबाचा रस आणि तुझी ती पूड. दुसरीत लिंबाचा रस आणि अख्खे दाणे. तिसरीत खायचा सोडा घातलेलं पाणी आणि अख्खे दाणे. लिंबू म्हणजे पोट समज, सोडा म्हणजे आतडं. थोडा वेळ थांब आणि बघ. हे प्यायचं नाही, कोणालाही पाजायचं नाही, दादाला तर मुळीच नाही. तुला ओळखते म्हणून लिहिलं.

डॉक्टरांना जाऊन विचार की दाणे न चावता, अख्खे, मऊ घासातून गिळले तर चालतील ना. ते हो म्हणतील, पण विचार.

आणि एक. ती टोपण फेकते म्हणतोस, पण ते जनावराच्या हाडांचं असतं हे अक्काला कोणी सांगितलं? गेल्या दिवाळीत जेवताना मी हे एकाच माणसाला सांगितलं होतं. तो तेव्हा तिसरी पुरणपोळी खात होता.

गौरी आत्या


उज्जैन
१४ ऑक्टोबर २०२४

आत्या,

खोटं बोललो असतो तर तू रागवणं ठीक होतं. टोपण हाडा-कातड्याचं असतं हे तर खरंच होतं! अक्काने लाडवाचा डबा वर ठेवला, मी म्हणालो, "माझे लाडू लपव, आणि तू रोज हाडं खा." मला वाटलं चिडेल. ती चिडली नाही. आणि दुसऱ्या दिवशी खल काढला. मला काय माहीत एवढा बवाल होईल?

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. मग दंडाकडे बघितलं. मजा नाही आली.

वाट्या मांडल्या. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, अक्का पूजेला बसली तेव्हा, ओट्यावर. आणि आत्या, काय झालं माहितीय? ती पूड लिंबात टाकली तर आधी जरा गुलाबी, मग जांभळट, मग सडलेल्या जामुनासारखा रंग! बाजूच्या वाटीत दाणे पांढरेशुभ्र, तसेच बसलेले. माझ्याच अंगावर काटा आला. मी ओरडलो, "अक्का, ये, बघ!"

आली. चष्मा वर केला. "रांगोळी घातलीस?"

"नाही गं! औषध आहे ते!"

"मग जामुनचा रस."

"ऑक्टोबरमध्ये जामुन कुठून आणू? महाकालाची शपथ!"

"तुझी शपथ? महाकालाचीच शपथ घेऊन तू माझ्या चष्म्याला साबण लावला होतास."

आणि वाट्या मोरीत ओतून दिल्या. आत्या, मी आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी खरं दाखवत होतो. आई पण हसत होती. बाबा म्हणाले, "चांगला डाव होता." मला इतका राग आला की मी टावर चौकात जाऊन एक आख्खी प्लेट पोहे-जलेबी खाऊन आलो आणि चव लागली नाही.

परत आलो तर स्वयंपाकघराचं दार लोटलेलं. आतून अक्का. "बाहेरच थांब. उंबऱ्याच्या आत पाय टाकलास तर तंगडं मोडीन."

तिने स्वतः वाट्या घासल्या होत्या, स्वतः लिंबू चिरलं होतं, नवी कॅप्सूल उघडली होती. खलात स्वतः कुटत होती. म्हणजे तिच्या डोक्यात किडा वळवळलाच होता. मग पाटावर बसली, तीन वाट्या समोर, जसं काही सत्यनारायण मांडलाय. मी दारातून बघतोय. पहिल्या वाटीत रंग उतरायला लागला. ती वाटीकडे बघते, माझ्याकडे बघते. माझे हात मी डोक्यावर ठेवले, पोलिसाने पकडल्यासारखे.

मग म्हणाली, "रोज हेच माझ्या पोटात जातं?"

"हो."

"आणि हे?" दुसऱ्या वाटीतला दाणा चिमटीत धरला होता.

"तो पोटात तसाच राहतो. तिसऱ्या वाटीतले बघ, फुगून विरघळतायत. ते पुढे आतड्यात."

दाणा पदराला पुसला आणि खिडकीच्या उजेडात धरला. "हे वरचं कवच गौरी करते?"

"हे दुसऱ्या कंपनीचं. पण ती असंच करते. थेंब टाकायचा, फिरवायचं, सुकवायचं, परत थेंब. ती म्हणाली की हलव्यासारखं."

अक्का चक्क हसली. "हलवा? गौरीचा? तिच्या हलव्याला मेला एक काटा कधी आला नाही! संक्रांतीला शेजारच्या कल्पनाच्या सासूसमोर मान खाली गेली होती माझी. गुळगुळीत, साबुदाण्यासारखा." मग पुन्हा दाण्याकडे बघत बसली.

डॉक्टरांकडे मीच गेलो. ते आधी माझ्याकडे बघत राहिले, मग कपाळावर हात मारला, म्हणाले, "कूटती थीं?" मी म्हणालो, "मैं कूटता था." त्यांनी सांगितलं की अख्खे दाणे मऊ भातातून गिळा, चावू नका, आणि मोजणी आजपासून पुन्हा सुरू.

आज सकाळी अक्काने भाताच्या घासात दाणे घातले, डोळे मिटले आणि गिळले. मग मला म्हणाली, "चणे खाल्ल्यासारखं वाटतं." पण गिळले.

मला अजून भीती वाटते. कार्तिक लांब नाही.

अपूर्व


हैदराबाद
२६ ऑक्टोबर २०२४

प्रिय अपू,

तुझं पत्र पर्समध्ये घेऊन फिरतेय. कल्पनाकाकूंच्या सासूबाई मला आठवतात. त्यांनी माझा हलवा तळहातावर घेऊन "हे काय, होमिओपॅथी?" असं विचारलं होतं. मी रडले होते आणि अक्काने मला परातीवरून उठवलं होतं. माझा हातच तसा होता, मला थेंब बारीक टाकायची सवय. काटा यायला पाक जरा सैल हाताने टाकावा लागतो.

तू मागे विचारलं होतंस की मी नेमकं करते काय. पहिल्या नोकरीत मशीनवर बाई म्हणून मी एकटीच होते. बूट सगळे पुरुषांच्या मापाचे, पुढे कापूस कोंबून घालायची. सुपरवायझर म्हणायचा, "मॅडम, आप ऑफिस में बैठिए, यहाँ पावडर उड़ती है." मी म्हणायची, "मी पावडर बघायलाच आले आहे." एकदा माझ्या हातून सगळे दाणे चिकटून मोठा गोळा झाला, डोक्याएवढा. मशीन बंद करून आत हात घालून फोडावा लागला. कोणी काही बोललं नाही, त्याचाच जास्त त्रास झाला. मग मी मशीनजवळ बसून राहायला लागले. नुसता आवाज ऐकायची. दाणे कोरडे असले की सळसळतात, ओले झाले की आवाज जड होतो. आता माझ्या हाताखालच्या मुली आकडे बघतात आणि मी अजून कान लावते. त्या हसतात मला.

अक्काने बोलावलं होतं तेव्हा कॉलेजात शिकवायला परत आले असते तर बरं झालं असतं का, असं कधी कधी वाटायचं. हल्ली नाही वाटत. मला हे काम आवडतं. इतकं साधं आहे ते.

ह्या महिन्यात आमची कामं खूप आहेत, दिवाळीला येता येणार नाही. अक्काला मी फोनवर काही विचारणार नाही, ती "बरी आहे गं" म्हणेल. खरं काय ते तू लिही. वाईट असलं तरी लिही.

गौरी आत्या


उज्जैन
२४ नोव्हेंबर २०२४

आत्या,

मुद्दामच उशिरा लिहितोय. अर्धवट लिहायचं नव्हतं.

दिवाळीत पहिले काही दिवस काहीच फरक नाही. बाबा पुन्हा देवास गेटचं नाव काढायला लागले. मी जडीबुटीवाल्याकडे आधीच जाऊन सांगून आलो होतो की एक बँकवाले साहेब येतील, त्यांना आपकी दवाई की पूरी जाँच करनी है, सरकार की तरफ़ से. बाबा गेले तेव्हा तिथे नुसती सतरंजी अंथरलेली होती, माणूस गायब! आता तू म्हणशील असं करायचं नसतं. बरं, नसतं.

मग एक दिवस सकाळी उठलो तर अक्का झोपलेली! मला वाटलं गेली. खरंच, पायाचा अंगठा हलवून बघितला. ती म्हणाली, "काय रे मेल्या, झोपू दे की." आत्या, ती रात्रभर झोपली होती. मी जाऊन आईला उठवलं, आईने बाबांना उठवलं, आणि आम्ही तिघं दारात उभे राहून अक्काला घोरताना बघत होतो.

मग वरण-भात. मग भाकरीचा पापुद्रा. कार्तिक मेळ्यात तिला व्हीलचेअरवरून न्यायचं ठरलं होतं, ती चालत आली. उलट मलाच म्हणते, "दमलास का?" परवा आईने भुट्ट्याचा कीस केला, अगदी फिका. अक्काने ताटली ओढून घेतली. मी म्हणालो, मला? ती म्हणाली, "तू मागे माझा वाटा खाल्ला होतास."

डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं, वजन केलं, आणि इंदूर कॅन्सल! नळी नाही. अजून थोडे दिवस औषध, मग बंद. अक्का त्यांना म्हणाली, "माझ्या गौरीने फोनवर पकडलं." डॉक्टर म्हणाले, "आणि ह्याने?" अक्का म्हणाली, "हा कुटत होता."

खल आता वेलचीसाठी ठेवलाय. त्यात मी चहाची वेलची कुटतो. मैदा करायला लागत नाही, तेवढं बरं.

सप्लिमेंटरी दिली. अकाउंटन्सीचा पेपर बरा गेला असं म्हणत नाही, पण गेला.

तुझा
अपूर्व


हैदराबाद
७ जानेवारी २०२५

प्रिय अपू,

तुझं पत्र आलं तेव्हा मी लॅबच्या दारात फोन ठेवत होते. तिथेच उभी राहून वाचलं. गार्ड म्हणाला, "मॅडम, अच्छी ख़बर?" मी म्हणाले, "माँ सो गई." तो बिचारा घाबरला. मग त्याला सगळं समजावून सांगावं लागलं.

माझी कॅप्सूल बाजारात आली. सोमवारी पहिली गाडी निघाली तेव्हा आम्ही सगळ्या जणी गेटपाशी उभ्या होतो, कोणीतरी नारळ आणला होता, आणि फोडायला कोणालाच जमेना. इतक्या शिकलेल्या बायका! शेवटी ड्रायव्हरने फोडला.

टोपण ह्या वेळी झाडापासून केलेलं आहे. त्यासाठी मी दोन वर्षं भांडले. अक्काला शपथेवर सांग. तुझ्या नाही, माझ्या शपथेवर.

तिला आता औषधाची गरज नाही हे मला सगळ्यात जास्त आवडलं. आपल्या हाताने केलेलं औषध आपल्या आईला घ्यावंच लागू नये, ह्यासारखं सुख नाही.

ह्या वर्षी संक्रांतीला हलवा कोण करणार? तिला परातीपाशी जास्त बसू देऊ नकोस.

गौरी आत्या


उज्जैन
१७ जानेवारी २०२५

आत्या,

पास झालो! अगदी दारातून आत सरकलो, पण पास. फोन मिळाला. पण हे पत्रच लिहितोय, कारण अक्का म्हणाली की फोनवरचं उडून जातं.

आधी बातमी. बाबांना अॅसिडिटी झाली. कारण मी, असं ते म्हणतात. डॉक्टरांनी कॅप्सूल लिहून दिली, आणि पर्ची बघतो तर तुझीच! मी ओरडलो. अक्काने लगेच शाल गुंडाळली आणि म्हणाली, "श्रीकांत, तू बस. मी आणते." ऑटो करून टावर चौकात. मेडिकलवाल्याने पाकीट काढलं, म्हणाला, "माताजी, ये बिलकुल नई आई है."

"मालूम है. मेरी लड़की ने बनाई है."

"अच्छा! दीदी कंपनी में हैं? क्या हैं, डॉक्टर?"

अक्का म्हणाली, "नहीं. हलवाई है."

तो माझ्याकडे बघतोय, मी छताकडे. दुकानातल्या सगळ्यांना तिने तीन वाट्यांची गोष्ट सांगितली, लिंबासकट. एक बाई तर घरी फोन करून विचारत होती की तुम गोली तोड़ के तो नहीं खाते.

आता रोज सकाळी बाबांसमोर उभी राहते. "चावायची नाही, श्रीकांत. आत गौरीचा हलवा आहे." बाबा म्हणतात की अॅसिडिटी ह्यानेच वाढेल.

संक्रांतीचा हलवा अक्कानेच केला. मी शेगडीसमोर बसून फिरवला, ती थेंब टाकत होती. भरपूर काटे आलेत. डबा पाठवतोय. तू उघडशील तेव्हा वर थोडा कमी दिसेल, तो पोस्टवाल्यांनी खाल्ला असेल.

पुढचं अक्का सांगतेय, मी लिहितोय. मध्ये माझं काही घालायचं नाही अशी तिची अट आहे, आणि लिहून झालं की कल्पनाकाकूंकडून वाचून घेणार आहे. एवढा भरोसा.

*

चिरंजीव गौरीस अनेक आशीर्वाद.

श्रीकांतच्या पाकिटातली एक कॅप्सूल मी उघडली. खायला नाही, बघायला. दाणे काळ्या खलात काढले, म्हणजे पांढरे नीट दिसतील. चष्मा लावून एकेक बघितला. कल्पनाला पण दाखवला. एकालाही काटा नाही. सगळे सारखे, गुळगुळीत.

लहानपणी तुझ्या हलव्याला काटे येत नव्हते म्हणून मी तुला परातीवरून उठवलं होतं.

आता येऊ देऊ नकोस.

अक्का